डोळे मिटणारी गाडी

पनवेलच्या नोकरीतली ही एक घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं.

ऐन दिवेलागणीला जासईजवळ एका कोळ्याला गाडीने उडवलं. तो जागीच गेला. मासळीची पाटी घेऊन मागून चालणारी त्याची बायको तेवढी वाचली. आमचे हवालदार साताऱ्याकडचे, इथली बोली त्यांना नवी. त्यांनी तिच्या जबाबात लिहिलं, 'गाडी डोलत पळाली.' झालं, आमची माणसं जास्त माल भरलेले ट्रक अडवत बसली. हाती काही लागेना, तेव्हा वरून फर्मान आलं : 'अज्ञात वाहन' लिहा आणि प्रकरण मिटवा.

बाई पुन्हा ठाण्यात आली. "सायेब, मी डोलत नाय बोल्ली. गारीचे डोले मिटले न् ती पलाली," असं म्हणून तिने स्वतःच्या डोळ्यांवर बोटं ठेवली.

दिवे बॉनेटमध्ये मिटून घेणारी गाडी अख्ख्या पनवेलात एकच होती. एका बिल्डरची लाल जपानी गाडी. ती दिसली की मीसुद्धा जीप हळू करून बघत असे.

त्याच्या बंगल्यावर गेलो. "गाडी महिनाभर बाहेर काढलेली नाही," तो म्हणाला. मी इंजिनाचा विषय काढला, तसा गडी खुलला. "साहेब, रोटरी आहे. पिस्टनच नाही. आत तिकोनी रोटर गरगर फिरतो. कितीही रेस करा, बॉनेटवरचा चहा हिंदकळणार नाही." त्याने चालू करून दाखवली. आवाज खरोखर देखणा होता.

"आता दिवे लावा," मी म्हणालो.

"कशाला साहेब, उजेड आहे की."

"लावा."

डावा दिवा वर आला, उजवा अर्ध्यावरच अडकला.

"पार्ट जपानहून मागवलाय," तो पुटपुटला.

"न काढलेल्या गाडीचा दिवा मोडला कसा?"

मग तो सगळं बोलला. बाई आपल्याकडे बघतेय हे दिसताच, नंबरपाटीवरचा दिवाही विझून नंबर कळू नये म्हणून त्याने दिवे बंद केले होते. माणूस रस्त्यात पडलेला आणि याला सुचलं काय, तर दिवे विझवायचं!

दिवे तसेच उघडे ठेवून गाडी ठाण्याच्या आवारात आणली तर तिथे जत्रा भरली. वकील आले, पुढारी आले, आमचेच शिपाई बॉनेटवरून हात फिरवू लागले. ती बाई बाकावर बसून होती. मेलेल्याचं नाव कोणी विचारलं नाही. मी संतापून गाडीवर ताडपत्री टाकायला सांगितली.

बाई म्हणाली, "झाकू नका सायेब. तिला बगू दे आता."

जबाब घेताना आपल्या ओळखीचा शब्द नव्हे, समोरच्याचा शब्द लिहावा, हे त्या दिवसापासून मी प्रत्येक नव्या माणसाला बजावलं. पण राग हवालदारावर नाही. ती गाडी सगळ्या गावाला तोंडपाठ होती, तरी कागदावर ती 'अज्ञात' राहणार होती. तिला डोळे मिटायला निदान बटण तरी लागत होतं.