मैंदर्गीचं सासर

"आत असले की तू कधी जानार, असं निदान कोन इचारत न्हाय," भुवनेश्वरी एकदा तुरुंगात म्हणाली होती. समोर एका संस्थेच्या बाई छापील फॉर्म घेऊन बसल्या होत्या. वय तेवीस, शिक्षण सातवी, व्यसन तंबाखू, अटक दुसऱ्यांदा. 'पुन्हा गुन्हा का केला?' या प्रश्नापुढे दोन ओळींची जागा होती. बाईंनी तिथं 'वाईट संगत' असं लिहिलं.

संगत होतीच. एकोणिसाव्या वर्षी एका पोरानं चोरीचे मोबाइल तिच्या पिशवीत ठेवले आणि पोलीस दिसताच तो पळाला. ती सापडली. सात रस्ता चौकामागच्या वस्तीत तिच्या आईनं, सारजाबाईनं, त्याच आठवड्यात सांगून टाकलं की पोरीचं लग्न झालं, मैंदर्गीला दिली, घाईत देवळातच उरकलं. धाकट्या बहिणीचं, सृष्टीचं, अजून व्हायचं होतं.

पोरगी एक दिवस सुटून घरी येईल, हे मात्र सारजाबाईच्या ध्यानात आलं नव्हतं.

ती आली तेव्हा आईनं दारातच तिच्या गळ्यात काळी पोत घातली. वस्तीच्या लेखी ती माहेरपणाला आली होती, आणि माहेरपण चार दिवसांचं. पाचव्या दिवशी ओटी भरून तिला सासरी धाडलं. ओटीतला नारळ घेऊन ती एसटी स्टँडवर जाऊन बसली. तीन दिवस तिथंच राहिली. मग तुरुंगात ओळख झालेली एक बाई भेटली. तिनं आधी जेवायला घातलं, नंतर गर्दीत पर्स कशी काढायची ते शिकवलं. पुढच्या अटकेत पोलिसांनी अंगावरच्या वस्तूंची यादी केली, तीत काळी पोतही आली. नवऱ्याचं नाव विचारलं. ती गप्प राहिली, म्हणून थोबाडीत बसली.

यंदा ती सुटली तेव्हा तिच्याकडं एक कागद होता. टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायचं काम मिळत होतं. मुलगी माझ्या घरी राहते, एवढ्यावर आईची सही हवी होती.

"कर की सही. मी कोपऱ्यात पडून ऱ्हाईन."

"नवऱ्यानं टाकली म्हनतील."

"म्हनू दे की. टाकलेल्या बाया काय मरत्यात व्हय?"

"बेस्तरवारी सृष्टीला बघाय येनार हायत. तू हितं दिसलीस तर उंबऱ्यावरनंच फिरतील ते."

"मग मी कुटं जाऊ?"

"लगीन झालेल्या पोरीनं कुटं जायचं असतंय?"

हे आई थट्टेनं म्हणाली नव्हती. चार वर्षं सांगून सांगून तिला ते सासर दिसायला लागलं होतं. तिनं कागद फाडला. सृष्टी भांडी घासत होती, तिनं मान वर केली नाही.

सारजाबाई विधवा. तिच्या हातानं ओटी चालत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बजाबाईला बोलावलं. बजाबाईमागून न बोलावता आणखी चौघी आल्या. बजाबाईचा भाचा कोर्टाबाहेर चहा विकतो. वस्तीला पहिल्या वर्षापासून सगळं ठाऊक होतं.

"दोनच दिवसांत निघालीस गं भुवना? जावयाला दम न्हाय व्हय?"

"लई जीव हाय त्याचा," मागची एक म्हणाली. "कुलूप लावून ठेवतोय की तिला."

सगळ्या हसल्या. बजाबाईनं तांदूळ, खण, नारळ पदरात घातला आणि पदर हातात धरूनच ठेवला.

"आता नाव घे. चार वर्सं झाली, जावयाचं नाव आमाला म्हाईत न्हाय. घेतल्याबगर सोडनार न्हाय."

"घे की गं! लाजतीस व्हय आमाला?"

भुवनेश्वरीनं आईकडं पाहिलं. नवरा नाही, एवढं एक वाक्य ती बोलली असती तर तिला त्या घरातून कुणीही सासरी धाडू शकलं नसतं. मग सृष्टीला बघायला कुणी आलं नसतं.

"घे की बाई," आई पुटपुटली. "कुनाचं बी घे."

भुवनेश्वरीनं बजाबाईच्या हातातून पदर सोडवला, त्याला गाठ मारली, पायात चपला सरकवल्या आणि नाव न घेताच बाहेर पडली.