भिंतीपलीकडची गोळी

"शोभा लेकीच्या गोळ्यांपायी घर सोडून नागपूरला..." एवढंच ऐकू आलं आणि मेला ड्रायर धडधडायला लागला!

ॲन आर्बरच्या आमच्या बिल्डिंगची चावडी म्हणजे लाँड्रीरूम. तिथले किस्से धुतलेल्या मोज्यांसारखे साठत जातात. जोडी काही लागत नाही.

शोभा माझी भिंतीपलीकडची शेजारीण. नवरा टेक्सासला गेला, तो तिकडचाच झाला. ती लॅबमध्ये तासांवर काम करायची, इन्शुरन्स नाही. नऊ वर्षांची मृण्मयी हुशार, पण चित्त म्हणून एका जागी ठरेना. डॉक्टरांनी अटेन्शनची गोळी सुरू केली होती.

माझा मुलगा कॅलिफोर्नियात, फोन रविवारचा. हे दिवसभर कामावर. भिंतीतून या मायलेकींचा आवाज यायचा, तोच माझा रेडिओ. त्या गेल्या तर? खर्च कमी करायचा मी विडाच उचलला.

*

आपल्याकडे कुणी पुण्याहून आलं की बॅगेत लोणचं आणि औषधं ठरलेली. मी बहिणीला लिहिलं, "एवढ्या दोनशे गोळ्या धाड." महिन्यानं पाहुण्यांबरोबर पुडकं आलं. आत चिठ्ठी : "केमिस्टनं हे नावच ऐकलेलं नाही. बदाम पाठवलेत. रोज चार भिजवून दे."

शोभा म्हणाली, "बरं झालं काकू! ही गोळी इथं नशेच्या औषधांत मोडते. आल्या असत्या तर कस्टमवाल्यांनी आधी तुम्हालाच धरलं असतं!"

*

मग मी तिच्याबरोबर फार्मसीत गेले. "दर महिन्याचं गिऱ्हाईक आहे, काहीतरी कमी करा!" शोभा लाजून शाम्पूच्या रॅकमागे लपली.

फार्मासिस्ट शांतपणे म्हणाला, "हेच औषध दुसऱ्या कंपनीचं आहे. बरंच स्वस्त पडेल."

शाम्पूमागून आवाज आला, "येस, प्लीज!"

*

"आता परवडेल ना गं?" मी विचारलं.

"काकू, गोळी स्वस्त, कागद महाग." या गोळीला रिफिल नाही म्हणे, जुन्या कागदावर पुन्हा मिळत नाही. दर महिन्याला डॉक्टरांचा नवा कागद, त्यांची फी, वर अर्ध्या दिवसाचा पगार बुडतो तो वेगळाच.

"कागद मी आणते!" बर्फातून दोन बस बदलून गेले. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, "मुलीच्या कोण?"

"शेजारीण."

"सॉरी."

परतीच्या बसमध्ये मी एकटीच. माझ्या मांडीवरची औषधांची रिकामी पिशवी बघून ड्रायव्हरनं विचारलं, "घरात कुणी आजारी आहे?"

म्हटलं, "घरात कुणी नसतंच."

*

मार्चमध्ये लाँड्रीरूममधली बातमी खरी निघाली. अर्धी. शोभानं घर सोडलं, पण नागपूरला नाही गेली. पार्किंगपलीकडे एका बेडरूमचं घर घेतलं. भाडं कमी, त्यात डॉक्टरांची फी बसत होती.

"शंभर पावलं फक्त, काकू!"

मी हसले. शंभर पावलांवरून काय ऐकू येणार?

शेवटचं खोकं गेलं. मृण्मयी काहीतरी विसरली म्हणून पुन्हा आत पळाली. मी घरी आले आणि सवयीनं भिंतीला फुलपात्र लावलं, त्याला कान लावला. सगळं शांत.

आणि मग पलीकडून, अगदी भिंतीला तोंड लावून :

"काकू, आर यू देअर?"