मनगटावरचा मरून

नव्या पेठेतल्या त्या दुकानातल्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. वय पन्नाशीचं, कपाळावर बारीक टिकली, ओठ कोरडे. लिपस्टिक दाखवताना त्या आपल्याच हातावर, मनगटापासून बोटांपर्यंत पट्टे ओढत.

"कॉलेजच्या पोरींच्या हातावर समदंच खुलतंय," म्हणत, "हे बगा, तुमच्या-माज्या वयाचं कातडं हाय."

त्या दिवशी मी हट्टानं माझा जुना गडद मरूनच मागितला. वीस वर्षं तोच लावत आले होते, तेव्हाही ओठांवर तोच होता. त्यांनी मनगटावर मरून ओढला आणि आरसा माझ्यापुढे धरला.

"ह्या रंगानं आता चेहरा उतरल्यासारका दिसतुय. थोडा फिका घ्या. आन् पावडर सोडा की, सुरकुतीत बसती. नुसतं क्रीम लावा."

हल्ली मरून ओठांच्या रेघांत उतरतो, हे मला ठाऊक होतं. पण कुणी दाखवायला नको होतं. चिडूनच फिकी घेतली आणि विचारलं, "तुम्ही कोणती लावता?"

"मी? ओटाला कदी लावलीच न्हाय. आदी सासूला चालत न्हवतं, मग घरात सून आली. आता माजी मलाच लाज वाटती."

तेलात बुडवलेल्या कापसानं त्या हात पुसू लागल्या. गुलाबी गेला, विटकरी गेला. मनगटावरच्या मरूनपाशी कापूस थांबला. त्यांनी हिरव्या बांगड्या त्याच्यावर सरकवल्या.

"घरला जाईस्तवर ऱ्हाऊ दे की," त्या म्हणाल्या.