सूर्यास्तानंतरचा थेंब

पांढऱ्या भातावर काळी मुंगी कुणालाही दिसते. अण्णाप्पाला ती दिसली नाही.

सत्त्याण्णव सालचा पौष. पलूसजवळच्या त्या जैन घरात दिवस बुडायच्या आत ताटं उचलली जात, नंतर पाण्याचा घोटही नाही. उन्हं अजून कौलांवर होती. चंदनबाला ताकाचं भांडं घेऊन आली आणि उंबऱ्यातच थबकली. ताटाच्या कडेला गुळाचा खडा होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या, तिथून त्या भातावर पसरल्या होत्या. आणि नवरा त्याच कडेचा घास तोंडात घालत होता.

"आवं, थुका ते," ती म्हणाली. "मुंग्या हायत."

अण्णाप्पानं मान वळवली. मग कुठं ती रांग धुक्यातून आल्यासारखी नजरेत आली. तो उठला, चूळ भरली, पुन्हा भरली. कांदा-बटाटा न खाल्लेला, पाणी गाळून पिणारा माणूस. ओठांवर काहीतरी वळवळतंय असं त्याला वाटत राहिलं. जीव चिरडेल म्हणून ते पुसायचंही त्याला भय वाटलं.

"दिसत न्हाई व्हय तुमास्नी?"

"दिसतंय की." त्यानं तळहात समोर धरला. हाताच्या रेषा दिसतात तोवरच जेवावं, ही त्याच्या आईची शिकवण. रेषा स्वच्छ दिसत होत्या, बारीक फाटेसुद्धा. "ह्या काय, समद्या जाग्यावर हायत."

"रेषा जाग्यावर हायत. मुंग्या कुठं गेल्त्या?"

त्यानं हात खाली घेतला.

अण्णाप्पाचं आयुष्य द्राक्षवेलींच्या खोडांपाशी बसून गेलं होतं. मणी धरले की खोडाभोवतीची साल अंगठीसारखी काढायची, म्हणजे पानांनी केलेलं अन्न खाली न उतरता घडात राहतं आणि मणी फुगतात. याला गर्डलिंग म्हणतात. दुपाती चाकू खोडाभोवती फिरवताना हात जरा खोल गेला की वेल गेली. साल रुंद निघाली की जखम भरत नाही, मुळं उपाशी राहतात, आणि वर हिरवीगार दिसणारी वेल एका उन्हाळ्यात उभ्या उभ्या वाळते. अण्णाप्पाच्या हातून असं कधी झालं नव्हतं. पण अलीकडं तो मांडवाच्या खांबांना धडकू लागला होता. बागवाले हंबीरराव एकदा म्हणाले होते, "अण्णाप्पा, खांबाच्या पाया पडतोस व्हय रं? तो काय तीर्थंकर न्हवं." सगळे हसले होते. अण्णाप्पाही हसला होता.

गेल्या वर्षी सांगलीत डॉक्टर स्वप्नानं त्याला काचबिंदू सांगितला होता. ही रहिमतपूरची पोर, साध्या बोलीत बोलणारी. थेंबाची बाटली दिली होती. सकाळी एक, रात्री एक. बाटली संपली की दुकानातून नवी येई, पण तेव्हापासून तो पुन्हा फिरकला नव्हता. मुंग्यांच्या दुसऱ्या दिवशी चंदनबालानं त्याला एस.टी.त बसवलं.

दवाखान्यात नजर तपासायच्या यंत्रात हनुवटी टेकवून त्यानं ठिपक्यांची वाट पाहिली. ठिपका दिसला की बटण दाबायचं. बराच वेळ दाबण्यासारखं काही आलंच नाही. यंत्र बिघडलंय, असं त्याला वाटलं.

डॉक्टरांनी दोन कागद शेजारी ठेवले. गेल्या वर्षीच्या कागदावर एका कडेला काळा डाग होता. यंदाच्या कागदावर मधलं थोडं सोडून सगळं काळं होतं.

"हे माझं?" त्यानं विचारलं.

"तुमचंच, मामा. मधलं शाबूत हाय, म्हणून रेषा दिसतात. कडा गेल्या."

"कवा गेल्या? मला कसं कळलं न्हाई?"

डॉक्टरांनी कागद पालथे घातले.

"डोळ्याच्या पडद्यात लाखो पेशी असतात. एकेकीचा धागा पार मेंदूपर्यंत जातो. मेंदूकडनं त्याच धाग्यातनं एक द्रव्य उलटं पडद्याकडं येतं. ते आलं की पेशीला कळतं, आपण जगायचं. डोळ्यात दाब वाढला की धागे बुडाशीच आवळले जातात. द्रव्य पोचत न्हाई."

"मग उपाशी मरती."

"उपाशी न्हाई. स्वतःला संपवते. मरायचा हुकूम तिच्या पोटात पहिल्यापासनंच असतो. ते द्रव्य तो दाबून ठेवतं. यायचं थांबलं, की हुकूम सुटतो. गुपचूप. दुखत न्हाई, खुपत न्हाई."

अण्णाप्पा हातांकडं बघत राहिला. साल सोलणारे हात. आवळलेली वेल त्याला ठाऊक होती. पण आपल्या कपाळाखाली लाखो जीव निरोपाची वाट बघत होते आणि निरोप आला नाही म्हणून एकेक करून निघून गेले, हे त्याच्या मनात मावेना. मुंगी चिरडली तर प्रायश्चित्त घेणाऱ्या माणसाच्या आत हे चाललं होतं.

"ते द्रव्य बाटलीत मिळत न्हाई?"

"परदेशात बघतायत. उंदरांची डोळ्याची नस तोडून आत ते सोडलं, तर पेशी थोडे दिवस जास्त तगल्या. माणसासाठी अजून न्हाई."

"उंदरांची नस," तो म्हणाला आणि ते द्रव्य त्यानं मनातून काढून टाकलं.

"आपल्या हातात दाब हाय. धागे मोकळे ठेवायचे, बस. पण थेंब चालू असताना एवढं जायला नको होतं." डॉक्टरांनी त्याच्याकडं रोखून पाहिलं. "मामा, रात्रीचा थेंब घालता न्हवं?"

तो खुर्चीत हलला. चंदनबालानं मान खाली घातली.

"पहिल्या रात्री घातला," तो म्हणाला. "घशात कडू उतरलं. दिवस बुडाल्यावर घशाखाली काय जाऊ द्यायचं न्हाई, बाई. पोरवयापासनं हाय ते. सकाळचा कवा चुकवला न्हाई."

"एवढंच?" डॉक्टर म्हणाल्या. आवाज चिरकला. "मामा, दिवस बुडायच्या आधी घालायचा की. जेवणाअगोदर. आणि थेंब पडला की डोळा मिटून नाकापाशी हा कोपरा बोटानं दाबून धरायचा. घशात उतरतच न्हाई मग." त्यांनी त्याचं बोट धरून जागेवर ठेवलं. "मलाच विचारायला पायजे होतं. तुमी तरी बोलायचं."

"व्रताचं काय बोलायचं, म्हटलं."

"गेलेलं येईल का, बाई?" चंदनबालानं विचारलं.

"न्हाई. उरलेलं राहील. राहायला पायजे."

परतीच्या एस.टी.त तो खिडकीशी बसला. समोरचं झाड दिसे, बाजूची झाडं नसत. ती नसत, हेही त्याला आज पहिल्यांदा दिसत होतं. ज्या व्रतानं जीव वाचवायचे, त्यानंच मुंग्या तोंडापर्यंत आणल्या. आणि व्रत नि थेंब यांच्या मधे होती फक्त बोटभर जागा, नाकाशेजारची. एवढ्या जवळची.

घरी पोचले तेव्हा ऊन कौलांवरून उतरायला लागलं होतं. चंदनबालानं त्याची मान मागं केली आणि थेंब सोडला. त्यानं डोळा मिटला, कोपऱ्यावर बोट दाबलं.

"कडू आलं?"

त्यानं गिळून पाहिलं. घसा कोरडा होता, कोरा.

"न्हाई," तो म्हणाला. बोट मात्र काढलं नाही. ती ताट वाढून आली तरी तो तसाच बसला होता, एका हातानं डोळा धरून, जणू आतलं कुणीतरी उठून जाईल.

"जेवा. दिवस चाललाय."

त्यानं ताट पुढं ओढलं. लगेच घास घेतला नाही. खोडाभोवती चाकू फिरवावा तसं ताट हळूहळू फिरवलं आणि एकेक कड नजरेच्या उरलेल्या तुकड्यात आणून पाहिली.

"काय न्हाई त्यात," चंदनबाला म्हणाली. "मी बघितलंय."

"असू दे," तो म्हणाला, आणि ताट पुन्हा एकदा फिरवलं.