फडक्याचा किलो

बोदवडहून आत वळणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात, किलोवर मजुरी घेऊन कापूस वेचणाऱ्या बाईच्या गाठोड्याच्या वजनातून रोज संध्याकाळी एक किलो वजा होत असे. त्याला ‘फडक्याची कटती’ म्हणत. एके काळी कापूस तरटात बांधला जाई आणि तरट खरोखरच किलोभर भरे. पुढे तरट गेले, जुन्या लुगड्यांची फडकी आली. किलो मात्र जागचा हलला नाही. गावाला हे दिसत होते, पण कुणी मोजलेले नव्हते.

नूतन नऊ वर्षांची असताना तिने ते मोजले. चौथीत ग्रॅम-किलोग्रॅमचा धडा नुकताच झाला होता. आईचे, शेवंताबाईंचे, फडके घेऊन ती किराणा दुकानात गेली आणि दुकानदाराने गंमत म्हणून ते पारड्यात टाकले. साडेतीनशे ग्रॅम. त्याच संध्याकाळी शेतमालक प्रेमराज आबांच्या खळ्यात, वीसेक बायांसमोर ती म्हणाली, “आबा, फडकं किलोचं नाही.”

“चौथीतली पोर मले मापं शिकवते,” प्रेमराज बायांकडे वळून म्हणाले आणि हसले. बायाही हसल्या, त्यांना हसणे भाग होते. शेवंताबाईंनी तिथेच मुलीच्या थोबाडीत दिली. तरीही दुसऱ्या दिवसापासून त्यांना त्या शेतात कुणी बोलावले नाही. तो सगळा हंगाम शेवंताबाई परगावच्या शेतांपर्यंत पायी जात राहिल्या. गालावरची बोटे दोन दिवसांत पुसली गेली. खळ्यातले हसू नूतनच्या कानात तसेच राहिले.

ती शिक्षिका झाली. बदलीच्या अर्जात, ज्या गावातून इतरांना निघायचे असते, ते स्वतःचे गाव तिने पहिल्या पसंतीला लिहिले. ते तिला तिसऱ्या खेपेस मिळाले. सहकाऱ्यांना वाटले, आईसाठी आली. तेही खोटे नव्हते.

तिचे मापनाचे तास तालुक्यात नावाजले गेले. मुले आधी वितीने फळा मोजत, पावलांनी व्हरांडा मोजत आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे येई. मग वाद पेटत. “मॅडम, सुपडूची वीतच लहान आहे,” असे कुणीतरी म्हणे, आणि सुपडू उलटून म्हणे, “तुझीच वीत लबाड.” त्या भांडणातूनच ती त्यांना सेंटिमीटरकडे नेई. वीत ज्याची त्याची असते, एकक सर्वांचे असते, हे वाक्य ती दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. ते लिहिताना तिचा खडू किंचित जास्त दाबला जाई.

इंग्रजी शाळेची गाडी गावात येणे बंद झाले आणि प्रेमराजांची नात दिपमाला या शाळेत दाखल झाली. ती तेव्हा दुसरीत होती. नूतनने दोन वर्षे वाट पाहिली.

चौथीतल्या मुलांना तिने गृहपाठ दिला : घरातली एखादी वस्तू रिकामी तोला, मग भरून तोला, फरक लिहा. कुणी तांब्या निवडला, कुणी डबा. दिपमाला अडली.

“तुमच्या खळ्यात टांगता काटा आहे ना?” नूतन म्हणाली. “फडकं तोल. आधी रिकामं. सगळ्यांसमोर तोल, म्हणजे चूक राहणार नाही.”

हे सांगताना त्या पोरीलाही थप्पड बसू शकते, हे तिला कळत होते. तरीही तिने शब्द मागे घेतला नाही.

संध्याकाळी गृहपाठ पाहण्याच्या निमित्ताने ती खळ्यात गेली. काट्याजवळ बाया गाठोडी घेऊन रांगेत होत्या. दिपमालाने रांगेतल्या भिकुबाईंकडून एक रिकामे फडके मागून घेतले आणि स्टुलावर चढून काट्याच्या आकड्याला अडकवले. ती मोठ्याने वाचू लागली, “शून्य पूर्णांक छत्तीस. म्हणजे तीनशे साठ ग्रॅम.” मग वहीवरून मान वर करून तिने विचारले, “आबा, तुम्ही एक किलो कायले कापता?”

प्रेमराजांचा हात उचलला गेला.

“चौथीतली पोर मले...” ते म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांना दारात उभी असलेली नूतन दिसली. वाक्य अर्धेच राहिले. हात नातीच्या डोक्यापर्यंत आला आणि टोपी सावरत असल्यासारखा स्वतःच्या डोक्याकडे वळला. या खेपेस बाया हसल्या नाहीत.

ते दाराशी आले. “बाई, माझ्याच पोरीच्या तोंडून बोलवलंत.”

“मी बोलले होते, आबा. तेव्हा तुम्हाला ऐकू आलं नव्हतं.”

“चालत आलेलं होतं ते. माझ्या बापाच्या वेळचं. उद्यापासून अर्धा किलो धरू. झालं?”

“काटा म्हणेल तेवढं. आणि उद्यापासून नाही, आत्तापासून. यांच्या समोर सांगा.”

त्यांनी सांगितले. आवाज इतका खाली होता, की भिकुबाई म्हणाल्या, “मागच्यायले ऐकू आलं नाही, आबा.” मग त्यांना ते पुन्हा सांगावे लागले.

घरी शेवंताबाई खाटेवर बसून होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना आता चालवत नसे. नूतनने सारे सांगितले. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, “त्याचं तोंड कसं झालं, ते सांग.”

नूतनने सांगितले.

“पुन्हा सांग.”

तिने पुन्हा सांगितले. शेवंताबाईंनी पेटीच्या तळातून एक विटलेले फडके काढले. “मी तुले याच्यापायी मारलं होतं,” त्या म्हणाल्या. “हे त्याच्या काट्याले बांधून ये. गाठ पक्की मार.”

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना नूतन खळ्यावरून गेली. स्टुलावर चढून तिने आईचे फडके काट्याच्या आकड्याला घट्ट बांधले. वेचणीला निघालेल्या बाया आल्या, पाहून उभ्या राहिल्या. “सोडा ते,” प्रेमराज आबा म्हणाले, पण कुणीही ते सोडवायला पुढे झाले नाही. त्यांना स्टूल ओढून त्यावर उभे राहावे लागले, आणि ती गाठ स्वतःच उकलावी लागली. बायांना शेतावर जायला त्या दिवशी उशीर झाला.