लेस्टरचं ऊन आणि नऊ नंबरची खोली

इंग्लंडमधल्या लेस्टरला येण्याआधी आम्ही दोन वर्षं ॲरिझोनातल्या एका वाळवंटी काउंटीत काढली. नवऱ्याचं प्रोजेक्ट होतं म्हणून. हौसेनं तिथं कोण जाईल? मला त्या जागेचा मनापासून राग यायचा. उन्हाळाभर गार पाण्याच्या नळाला गरम पाणी. गाडीचं स्टिअरिंग धरायला मी ओव्हनचे हातमोजे सीटवर ठेवायचे. भाजी आणायची ती सकाळी सहाला, मग दिवसभर पडदे ओढून अंधारात बसायचं. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळायचाच नाही, अंगावरच वाळून जायचा. शेजारच्या मेक्सिकन आजींनी पहिल्याच आठवड्यात दरडावलं होतं, "तहान लागायची वाट बघू नकोस. आणि उन्हात तापलेलं माणूस असंबद्ध बोलायला लागलं, तर आधी त्याच्यावर पाणी ओत. विचार नंतर."

लेस्टरला मला एका केअर होममध्ये नोकरी लागली. म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, भरवायचं, आंघोळ घालायची. २००३ च्या ऑगस्टमध्ये ऊन तापलं तेव्हा सगळं गाव खुळ्यासारखं खूश झालं. बसमध्ये, दुकानात, जो तो "लव्हली वेदर!" म्हणायचा. मी दात ओठ खात होते. होमच्या खिडक्या, कोणी बाहेर पडू नये म्हणून, चार बोटंच उघडायच्या. वरच्या मजल्यावरचे, थंडीत खोल्या तापवणारे रेडिएटर बंदच होत नव्हते. दुरुस्तीवाला "पुढच्या आठवड्यात" येणार होता. म्हाताऱ्यांच्या अंगात लोकरी स्वेटर. पंखा एकच, तो मॅनेजरबाईंच्या ऑफिसात.

मी पडदे ओढले की बाई मागून येऊन उघडायच्या.

"अंधारकोठडी करू नकोस. वर्षातून चार दिवस ऊन मिळतं त्यांना."

"चार दिवसांतसुद्धा माणसं मरतात," मी म्हणाले.

"तुमच्याकडच्या लोकांना तर याची सवय असते ना?"

"मला आहे. यांना नाही."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच ते ऊन बॅगेत भरून आणलं होतं.

नऊ नंबरच्या खोलीत एक निवृत्त शाळामास्तरीण राहायच्या. मी त्यांना आवडत नव्हते, आणि त्या मला. माझं इंग्रजी त्या वाक्यावाक्याला सुधारायच्या, नावानं कधी हाक मारायच्या नाहीत. त्या दुपारी मी चहा घेऊन गेले तर त्या खिडकीशी खुर्चीत, मांडीवर कडक ऊन, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. चेहरा लालबुंद. हात धरला तर कोरडा आणि चटका बसेल इतका गरम.

"बस आली का?" त्या म्हणाल्या. "मुलं मोजलीस?"

मी धावत खाली गेले. मॅनेजरबाई फोनवर होत्या. त्यांनी फोनवर हात ठेवला. "पाणी पाज, पडू दे जरा. हे झालं की येते."

मी थांबले नाही. कॉरिडॉरमधून ॲम्ब्युलन्ससाठी नऊ-नऊ-नऊला फोन लावला, खोलीत जाऊन पडदे ओढले. मास्तरीण आजी बटणं सोडू देईनात, तेव्हा कात्री घेऊन स्वेटर कापला. पाण्याचा जग त्यांच्या अंगावर रिकामा केला, ओले टॉवेल काखेत आणि मानेला लावले, चहाच्या ट्रेनं वारा घातला. त्यांनी माझ्या मनगटाला ओरबाडलं. "सोड मला, दुष्ट पोरी!" मी सोडलं नाही.

ॲम्ब्युलन्सवाल्यानं विचारलं, "यांना कोणी भिजवलं?"

"मी."

"बरं केलंस. नाहीतर उशीर झाला असता."

दारात मॅनेजरबाई उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं, पण दुसऱ्या दिवशी माझ्या हातात लेखी वॉर्निंग आली: परवानगीशिवाय ॲम्ब्युलन्स बोलावली, रहिवाशाच्या वस्तूचं नुकसान केलं, तिच्या सन्मानाला धक्का लावला. मी सही केली नाही. त्याच आठवड्यात आजींच्या मुलानं मॅनेजरबाईंना फुलं पाठवली, आईचा जीव वाचवल्याबद्दल.

नऊ दिवसांनी आजी परत आल्या. खोटं कशाला बोलू, दोन गोड शब्दांची मला आशा होती.

"माझा स्वेटर कापणारी तूच ना?"

"हो."

"बहिणीनं विणला होता. ती आता नाही. माफी माग."

"स्वेटरबद्दल मागते," मी म्हणाले. "बाकी कशाबद्दल नाही."

"उद्धट आहेस," असं म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यानंतर मी गेले की त्या डोळे मिटून घ्यायच्या.

महिनाअखेरीस मी राजीनामा नेऊन दिला. मॅनेजरबाई म्हणाल्या, "एवढ्या लवकर दमलीस?"

"दमले नाही. रोज तुमचा राग येतो, आणि तो घरी घेऊन जावा लागतो."

त्यांनी कागदावर तारीख टाकली आणि जाताना दार लाव म्हणाल्या. मी न लावताच निघाले.