सतरा नंबरचा बाण

आळेफाट्याच्या स्टँडवर रामनाथ गुंजाळ सर चहाला थांबले की त्यांची परीक्षा सुरू व्हायची. गॅरेजवाला गोरख ग्रीसचे हात फडक्याला पुसत यायचा आणि म्हणायचा, "सर, दोन हजार आठची बॅच. नंबर एकतीस. वळखा बरं." सर कपावरची नजरही उचलायचे नाहीत. "गोरख. शेवटचा बाक, खिडकीजवळ. आलेख काढायचास तो कायम समासाबाहेर." मग सगळे हसायचे आणि चहाचे पैसे गोरखच द्यायचा. तीस वर्षांतल्या कुठल्याही पोराचा नंबर सांगा, नाव तयार. असली डोकी आता घडत नाहीत, राव.

सर मूळचे निरगुडसरचे. पण उभी हयात गेली बेल्ह्याच्या बाजूच्या एका ज्युनिअर कॉलेजात, अकरावीला गणित शिकवण्यात. फंक्शन शिकवायला ते पुस्तक उघडायचेच नाहीत, हजेरीपट उघडायचे. फळ्यावर दोन लंबगोल. डावीकडे रोल नंबर, उजवीकडे नावं, मधे बाण.

"प्रत्येक नंबरातून बाण निघालाच पाहिजे, आणि एकच निघाला पाहिजे," ते सांगायचे. "वर्गात दोन सार्थक असले तर दोन बाण एकाच नावावर जातील. त्याला आपली हरकत नाही. पण एक जरी नंबर बाणाशिवाय राहिला, की त्याला फंक्शन म्हणायचं नाही." ढ म्हणून हिणवलेल्या पोरालाही हे कळायचं. आपल्या नंबरातून बाण निघाला नाही तर अख्खं गणित मोडतं, याचं त्याला फार बरं वाटायचं.

हे त्यांचं शेवटचं वर्ष. मे अखेरीला निवृत्ती. तेवढे महिने अब्रूनं निभावेत, एवढंच मागणं होतं. कारण पावसाळ्यापासून डोक्यात काहीतरी बिनसलं होतं. दोन हजार आठ साल लख्ख आठवायचं आणि सकाळी काय खाल्लं ते दुपारी गायब. एकच उदाहरण एका तासात दोनदा सोडवायचे. बायको म्हणाली, दवाखान्यात दाखवून येऊ, तर तिच्यावरच खेकसले. माणूस भ्याला की असाच खेकसतो. ते मनातून फार भ्याले होते.

दिवाळीची सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी सतरा नंबरची स्नेहल शेततळ्यात बुडाली. मोटर बघायला गेली होती, तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावरून पाय सटकला. पोहायला येत होतं पोरीला. पण त्या गुळगुळीत कागदाला धरून वर यायचं तरी कसं? सर मातीला गेले, तिच्या बापाजवळ तासभर उभे राहिले.

आणि आठ दिवसांनी हजेरी घेताना म्हणाले, "सतरा." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "स्नेहल आली नाही का?"

अठरा नंबरची आरोही तिच्याच बाकावर बसायची. ती उठली. "सर, स्नेहल गेली न्हाई का? तुमी आला व्हता की मातीला."

सर मटकन खुर्चीत बसले. पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हमसून रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा "सतरा", पुन्हा तेच रडणं. तिसऱ्या दिवशीही तेच. माणसाला एक मरण एकदाच सोसायला लागावं ना? यांच्या नशिबी ते रोज सकाळी साडेसातला.

चौथ्या दिवशी सरांनी "सतरा" म्हटलं आणि आरोही खाली मान घालून म्हणाली, "हजर, सर." सरांनी खूण केली. "अठरा." तोच आवाज, "हजर, सर." वर्गात कुणी हसलं नाही. एरवी मास्तरांची टोपी उडवणारी ही पोरं, पण ही गोष्ट त्यांनी दोन महिने घरीसुद्धा सांगितली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

जानेवारीत प्राचार्यांनी हजेरीपट तपासला आणि सरांना बोलावून सतरा नंबरच्या ओळीवर बोट ठेवलं. "सर, ही मुलगी वारलीय ना?"

सरांनी पाहिलं. दोन महिन्यांची हजेरी, सुरुवातीचे काही दिवस सोडले तर एक दिवस खाडा नाही, अक्षर आपलंच. स्नेहल गेली हे कळलं आणि आपण काय होत चाललोय तेही त्याच क्षणी कळलं. प्राचार्य माणूस वाईट नव्हता. "मेपर्यंत रजा टाका," तो हळू आवाजात म्हणाला. "कुणाला काही सांगत नाही मी."

"उद्याचा एक तास द्या," सर म्हणाले.

सकाळी ते तळहातावर पेनानं लिहून आले: स्नेहल नाही. हजेरी सुरू झाली. सोळापर्यंत नीट गेलं. मग त्यांनी हात उघडून वाचलं, थोडा वेळ वाचतच राहिले, आणि तरी म्हणाले, "सतरा."

आरोहीनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. आज सरांना आठवतंय, हे तिला कळलं. "हजर, सर," ती म्हणाली.

"अठरा."

"हजर, सर."

"चालतं," सर म्हणाले. "दोन बाण एकाच नावावर आलेले चालतात. सुटलेला चालत नाही." हजेरीपट मिटून त्यांनी तिच्या हातात दिला आणि ते वर्गाबाहेर पडले.

आता सर बायकोबरोबर स्टँडवर येतात. गोरख परीक्षा घेत नाही, तरी सर स्वतःच म्हणतात, "एकतीस. गोरख." मग इकडंतिकडं बघतात आणि विचारतात, "सतरा आली नाही का आज?"

गोरखनं स्नेहलला कधी पाहिलं नव्हतं. आरोही याच स्टँडवरून बस पकडते, तिनं त्याला सगळं सांगून ठेवलंय. "आली की सर," तो म्हणतो. "हजर हाय." सर मान डोलावतात आणि चहा पितात.